शंभरात चौदा

अभिमनने काढलेलं चित्र नखाएवढं होतं, आणि त्या नखाएवढ्या चित्रावर अकरा जणांची नोकरी टांगलेली होती. पहिली त्याचीच.

जळगावात मेहरूण तलावाकडे जाताना एक मोटार रिवाइंडिंगचं दुकान लागतं. त्याच्या माडीवर प्रेमराजची मोबाइल गेम बनवणारी कंपनी. कंपनी म्हणजे दोन खोल्या, अकरा टेबलं आणि खालून येणारा तांब्याच्या तारेचा, वार्निशचा वास. या अकरा जणांनी सात महिने खपून ‘भरीत पार्टी’ नावाची गेम बनवली होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, करपू द्यायची नाहीत, पंगतीला वेळेवर वाढायचं. गेम झकास होती. प्रेमराजच्या सासूबाईंनी तिच्यापायी दोनदा दूध उतू घालवलं होतं.

पण गेम कितीही झकास असली तरी लोकांना आधी दिसतं ते मोबाइलच्या स्टोअरमधलं तिचं चित्र. शंभर जणांना ते दिसलं की त्यातले किती जण त्यावर बोट ठेवतात, हा आकडा या धंद्यात देवासारखा. अभिमनच्या चित्राचा आकडा होता दोन. गेम जगभर चालवायची की नाही हे ठरवणारी कंपनी होती बंगळुरूची, आणि तिने निरोप धाडला होता की संक्रांतीपर्यंत पाच करा, नाहीतर गाशा गुंडाळा. अभिमनला गाशा गुंडाळणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. अमळनेरला फ्लेक्सच्या दुकानात परत जायचं आणि गल्लीतल्या नेत्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या डोक्याभोवती गुलाब चिकटवत बसायचं. तीन वर्षं त्याने तेच केलं होतं.

त्याची पहिली चित्रं भिंतीवरच्या कॅलेंडरला शोभली असती. शेत, सूर्य, शेकोटी, वांग्यांचा ढीग, बैलगाडी, वर झोकदार अक्षरात नाव. मोबाइलवर त्याची खिचडी व्हायची.

“चित्र भिंतीवर लावायचं नाहीये, अभिमन,” प्रेमराज म्हणायचा. “माणूस एसटीत लोंबकळतोय. एका हाताने दांडा धरलाय, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पडदा सरकवतोय. तो अंगठा थांबला पाहिजे. एक तोंड, एक भाव. बाकी सगळं बाहेर काढ.”

प्रेमराज तोंडाने फटकळ होता, पण धंदा त्याला कळत होता. दोन चित्रं एकाच वेळी स्टोअरवर सोडायची, निम्म्या लोकांना हे, निम्म्यांना ते. जास्त बोटं ज्याच्यावर पडतील ते राहतं, दुसरं मरतं. मग जिंकलेल्यासमोर नवं उभं करायचं. कोंबड्यांच्या झुंजीसारखंच ते, फक्त रक्त दिसत नाही. अभिमनने बैलगाडी काढली, सूर्य काढला, शेत काढलं. पिवळ्या रंगावर एका म्हातारीचं तोंड ठेवलं आणि तिच्या गालाशी एक जांभळं वांगं. आकडा दोनचा अडीच झाला.

“आधार कार्डावरचा फोटो आहे का हा?” प्रेमराजने विचारलं.

ही म्हातारी काही आकाशातून पडलेली नव्हती. ती अभिमनची आत्या, भिकुबाई. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. अभिमन चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, बाप लोटन दुसरं लग्न करून सुरतेला कापडाच्या गिरणीत गेला तो तिकडचाच झाला, आणि पोराला वाढवलं फुईने. फुई तेव्हा माहेरी परत आलेली होती. सव्विसाव्या वर्षी एका सकाळी ती उठली तर तोंडाच्या उजव्या बाजूवरून वारं गेलेलं. ओठ लोंबला, डोळा मिटेना, सारखा पाझरू लागला. नवऱ्याने दोन महिने वाट पाहिली आणि तिला आणून सोडलं, दुकानात खराब निघालेली वस्तू परत करावी तसं. तेव्हापासून फुईचा पदर तोंडावर आडवा आला, त्याची कड डाव्या दातांत धरलेली. अमळनेरजवळच्या त्या गावात तीस वर्षांत तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. भरिताची वांगी भाजण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, म्हणून हिवाळ्यात शेताशेतांतून तिला बोलावणी यायची. ती यायची, लोकांकडे पाठ करून शेकोटीकडे तोंड करून बसायची, आणि काम झालं की पदर ओढून घरी जायची. तिचं उघडं तोंड फक्त दोघांनी पाहिलं होतं, एक विस्तवाने आणि दुसरं अभिमनने. तो आला की ती दाराला कडी घालायची आणि पदर खांद्यावर टाकायची.

चित्रात त्याने आधी फुईला सरळ तोंड दिलं होतं. त्याला माया म्हणायला हरकत नाही. पण अडीचच्या आकड्याने माया वितळली. एका दुपारी वैतागून त्याने चित्रातला उजवा ओठ खाली ओढला. दुसऱ्या दिवशी आकडा चार. प्रेमराजने टेबल बडवलं. “हेच! आणखी वाकडं कर!” अभिमनने आणखी वाकडं केलं, आणि आकडा तीनवर आला. लोकांना लबाडी कळते. ते तोंड आता सर्कशीतल्या विदूषकाचं झालं होतं. फुई हसताना खरी कशी दिसते, गाल कुठवर चढतो, डोळ्यातलं पाणी कोणत्या बाजूने उतरतं, हे अभिमनला नेमकं आठवेना. इतकी वर्षं पाहून त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. संक्रांतीला दहा दिवस होते. शनिवारी त्याने सुरतेकडे जाणारी पॅसेंजर धरली आणि अमळनेरला उतरून गावची एसटी पकडली.

दिवाळीनंतर तो पहिल्यांदाच येत होता. फुईने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली.

“उना का रे मना बाप! किती वाळी गया. काय खास-पेस तू तठे?”

तिने कडी घातली, पदर खांद्यावर टाकला आणि परसात जाऊन वांगी भाजली. लाकडी बडगीत मुसळाने ती ठेचली, वर लसूण, मिरची आणि शेंगदाण्याची फोडणी ओतली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर टाकली. तोवर अभिमनने मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो तांब्याला टेकवून उभा केला होता.

“हाई काय रे?”

“घडी शे ती, फुई. माले साडेतीननी गाडी धरनी शे.”

मग त्याने प्रेमराजची नक्कल केली. बंगळुरूच्या साहेबाशी इंग्रजीत बोलताना प्रेमराज कसा उभा राहतो, घाम कसा पुसतो, ‘येस सर’ म्हणताना पोट कसं आत ओढतो. फुई हसली. तिचा डावा गाल कानापर्यंत चढला, उजवा जागच्या जागी लोंबत राहिला, आणि न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी नाकाच्या कडेने खाली आलं. ती हसते आहे की रडते आहे, ते कळत नव्हतं. अभिमनने तीच नक्कल पुन्हा केली. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा करायच्या आधी तो म्हणाला, “फुई, थोडी खिडकीकडे सरक. धूर लागी ऱ्हायना तुले.”

धूर नव्हता. उजेड कमी पडत होता. फुई मुकाट्याने सरकली आणि पोराला आपली काळजी आहे या आनंदात आधीपेक्षा जास्त हसली.

“काय देखी ऱ्हायना रे असा?” तिने विचारलं.

“तुनी याद येस तठे.”

तिने पदराने डोळा पुसला आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे जगात पुष्कळ असतात. हा तर भाकरी चावता चावता मोजत होता, आणि भाकरीही सोडत नव्हता.

सोमवारी चित्र तयार झालं. गुरुवारी आकडा आला, नऊ. लोकांना त्या तोंडाकडे बघून म्हातारी हसते की रडते ते कळेना, आणि कळावं म्हणून ते बोट ठेवत होते. बंगळुरूहून फोन आला, प्रेमराजने दोन किलो जिलबी मागवली, अभिमनला मान टेकायची सोय असलेली नवी खुर्ची मिळाली. महिनाभरात ते तोंड मोबाइलमोबाइलवर पोचलं. उशिरा उठलं, पेपर अवघड गेला, जावयाने आहेर परत केला, कशावरही लोक ते तोंड पाठवू लागले.

“कोणावरून काढलंस रे?” प्रेमराजने एकदा विचारलं.

“मनातून, भाऊ.”

अभिमन निर्धास्त होता. गावात तिला कुणी ओळखणार नव्हतं, कारण ओळखायला आधी पाहिलेलं असावं लागतं. जिने तीस वर्षं तोंड लपवलं तिची चोरी पचायला सगळ्यांत सोपी, असं त्याने चक्क मनाशी म्हटलं होतं. फुईच्या घरी कोनाड्यात एक आरसा होता, तो मात्र त्याच्या ध्यानात आला नाही.

फाल्गुनात धुळ्याला देवपुरात त्याची चुलतबहीण पुनम, तिचा साखरपुडा होता. फुई आली होती. बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून, पदर दातांत धरून बसली होती. पुनम शहरात वाढलेली, कॉलेजात जाणारी. तिने फुईला जन्मात चार-पाचदा पाहिलं असेल, तेही पदरासकट. ती मोठ्या कौतुकाने मोबाइल घेऊन आली.

“फुई, हे बघ ना! आपल्या अभिमनदादाने काढलंय. अख्ख्या जगात गाजतंय.”

फुईने मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

“कसली भूत दिसते ना?” पुनम म्हणाली. “आमच्या वर्गात सगळ्या जणी हिची नक्कल करतात.” आणि तिने आपला कोवळा, मेकअप केलेला ओठ एका बाजूने खाली ओढला, एक डोळा ताणला आणि खी-खी करून दाखवलं. बायका हसल्या. एका मावशीने तिथेच करून पाहिलं, तिला जमेना म्हणून पुन्हा हसल्या. दाराशी उभ्या असलेल्या अभिमनने हे सगळं पाहिलं. आत जाऊन पुनमच्या हातून मोबाइल काढून घ्यावा एवढंही त्याच्याने झालं नाही. नवरदेवाकडची माणसं त्याच्याशी बोलत होती, ‘तुम्हीच का ते’ म्हणून विचारत होती, आणि ते ऐकायला गोड लागत होतं.

पडदा काळा होईपर्यंत फुई चित्राकडे बघत राहिली. मग मोबाइल परत देत पदराआडून म्हणाली, “चांगलं काढं.”

जेवणानंतर हात धुवायच्या पिंपांपाशी तिने अभिमनला गाठलं.

“हाई त्या दिननं शे ना? घडी शे म्हने.”

अभिमन धुतलेले हात पुन्हा धुऊ लागला.

“तू हासाडं, म्हनीसन मी हासनू,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “मी तुनापाशी कधी काही मांगं नही. ते पुसी टाक. मनं तोंड मनापाशी ऱ्हाऊ दे.”

“पुसस, फुई. उद्याच पुसस.”

तिने विश्वास ठेवला. वाढवलेल्या पोरावर नाही तर कुणावर ठेवू, असं तिला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी अभिमनने प्रेमराजजवळ हा विषय काढलासुद्धा नाही. प्रेमराज नाही म्हणाला असता तर निदान दोष वाटून घेता आला असता. त्याने विचारलंच नाही. चित्र चालू राहिलं, आणि तो नव्या खुर्चीला मान टेकून बसत राहिला.

पण लोकांना कोणतंही तोंड लवकर पाठ होतं. नऊचे सात झाले, सातचे पाच, आणि चैत्रात चारवर येऊन टेकले. बंगळुरूची कंपनी गेमचा दुसरा भाग काढणार होती. त्यांनी सांगितलं, नवं चित्र द्या, या चित्रकाराकडून होत नसेल तर आमच्याकडे माणसं आहेत. अभिमनने तेच तोंड रडवलं, चिडवलं, दचकवलं, काळं फासलं. आकडा हलेना. पुन्हा फ्लेक्सचं दुकान डोळ्यांपुढे आलं. आणि अशा वेळी जायची त्याला एकच जागा ठाऊक होती.

“ते पुसं का?” दारातच फुईने विचारलं.

“कव्हयनंच,” तो म्हणाला, कधीचंच पुसून टाकल्यासारखं.

“बरं झायं.”

पण या वेळी तिने कडी घातली नाही आणि पदरही खाली आला नाही. तिने स्वयंपाक केला, ताट वाढलं, समोर बसली. पदराची कड दातांतच. भाकरी वाढायला फक्त हात बाहेर यायचा आणि परत आत जायचा. अभिमनला राग आला. परक्यांसमोर ठीक, माझ्यासमोर? जिच्या कडेवर वाढलो तिने माझ्यापुढे पदर घ्यावा? चोर तो चोर आणि वर शिरजोर. तो बोलत राहिला, तिला हसवायला बघत राहिला. पदर आतून थोडा हलला, पण हसली की काय ते दिसलं नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं की आपली मान वाकलेली आहे. पदराखालून काही दिसतं का, म्हणून तो केव्हापासून खाली वाकून बघत होता.

त्याने घास ताटात ठेवला. ज्याने हे तोंड हजारदा पाहिलंय त्याची मान वाकते, तर ज्याने कधीच पाहिलं नाही त्याचं काय होईल? त्याने हात धुतले, फुईच्या पायांना हात लावला आणि मिळेल त्या एसटीने निघाला. अमळनेर येईपर्यंत मोबाइलवर चित्राचा कच्चा आराखडा तयार होता.

पिवळ्या रंगावर जांभळा पदर. तोंड नाहीच. पदराच्या कडेला एक बोट, ओढायच्या बेतात. बस्स. चित्रावर बोट ठेवलं की गेम उघडायची, पहिल्याच क्षणी पदर सर्रकन बाजूला व्हायचा आणि आतून ती वाकडी म्हातारी तोंडभर हसायची. हसण्याचा आवाज अभिमनने पौषातल्या त्या व्हिडिओतूनच घेतला. तो खरा होता, आणि खऱ्याची किंमत आता त्याला कळली होती. खेळणारा पुढे ‘सुरू करा’ दाबेपर्यंत तो आवाज पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी सोय केली.

“तू माणूस नाहीस, राक्षस आहेस,” प्रेमराज म्हणाला आणि त्याला मिठी मारली.

आकडा आला, चौदा. शंभरात चौदा! बंगळुरूच्या साहेबांनी आजवर अकराच्या वर काही पाहिलं नव्हतं. वैशाखात त्यांच्यातले दोघं जण स्वतः जळगावला आले. माडीवर फुगे लागले, जांभळ्या पदराचं चित्र असलेला केक आला. अभिमनला चित्र विभागाचा प्रमुख करणार होते, केकही त्याच्याच हातून कापायचा होता. सुरी हातात घेतली आणि खिशातला फोन वाजला. फुईचा होता. फुई कधी फोन करायची नाही, फार तर मिस कॉल द्यायची. तो जिन्यात गेला.

“अभिमन! देखं मी, देखं!” तिचा श्वास पुरत नव्हता. “पुनम उनी शे ना, पत्रिका देवाले. तिन्ही दखाडं. तू मनं तोंड झाकी दिन्हं रे मना बाप!”

अभिमनला आधी काही कळेना. मग कळलं, तिने अजून फक्त बाहेरचं पदराचं चित्र पाहिलं होतं.

“मना मनमा किंतू व्हता,” ती म्हणाली. “वाटे, पोऱ्या खोटं बोलना. देव मना डोयामा माटी घालो. नुसतं पुसं नही, तू तर पदर दिन्हा माले. बठ्ठा गावले दखाडं मी, मना अभिमननी काढं म्हनीसन. आते उना का पदर नही लिसू मी तुनापुढे. कडी लावसू आनि भरीत करसू.”

ती रडत होती. या वेळी हसते की रडते असा प्रश्न नव्हता. मागून पुनमचा आवाज आला.

“फुई, नुसतं बघत काय बसलीस? त्या बोटावर दाब ना! खरी मजा पुढेच आहे.”

“काय दाबू?” फुईने तिला विचारलं.

दोन शब्द पुरले असते. दाबू नको. पण मग का नको ते सांगावं लागलं असतं. वरून प्रेमराजने हाक मारली, एक साहेब जिन्याच्या तोंडाशी येऊन त्याच्याकडे बघून हसला आणि घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. अभिमनही त्याच्याकडे बघून हसला.

“बरं, फुई,” तो फोनमध्ये म्हणाला.

फोनमधून फुईचं हसू ऐकू आलं. पौषातलं, खिडकीपाशी सरकून बसल्यावरचं. त्यावर पुनमचं हसू. चार क्षणांनी फुईचं हसू थांबलं आणि पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा थांबलं, पुन्हा सुरू झालं. पुनम हसायची थांबली होती. “फुई? फुई, काय झालं?” असं ती विचारत होती. फुईचं हसू तेवढं चालू होतं. ते कसं बंद करायचं हे फुईला ठाऊक नव्हतं.

“अभिमन,” ती त्या आवाजातून म्हणाली, “तू शे ना तठे?”

त्याने फोन बंद केला, खिशात ठेवला आणि आत जाऊन केक कापला.